पौलस मास्तरांचा उपास

पौलस मास्तर खालच्या गल्लीत पाऊल टाकायचे आणि त्यांचा उपास सुरू व्हायचा. वरच्या गल्लीत ते बशी भरभरून चहा प्यायचे, शेंगा सोलायचे, लग्नघरी बुंदी दोनदा मागून घ्यायचे. दोन गल्ल्यांच्या मधून एक नाली जायची. ती ओलांडली की पोटावर हात ठेवून म्हणायचे, "आज काई नको बाई, उपास हाय." मग पाणी तरी? "पाणीबी न्हाई. लय कडक उपास हाय." नाली ओलांडून परत गेले की कडकपणा उतरायचा.

आज हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा माझ्या मायला येत नव्हतं.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून चार कोसांवर. गावाबाहेर आमची ख्रिस्ती वस्ती, वरची गल्ली महारांची आणि खालची आम्हा मांगांची. आजोबांच्या काळात दोन्ही गल्ल्यांनी एकाच फादरच्या हातून, एकाच घागरीतल्या पाण्यानं बाप्तिस्मा घेतला होता. त्यानंतर मात्र दोन्ही गल्ल्यांचा हात लागलेली दुसरी घागर वस्तीत कुणी पाहिली नाही. गावच्या देवळात आम्हा दोघांनाही पायरी चढू देत नसत. आमच्या देवळात, म्हणजे चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, पायरी सगळ्यांना होती, फक्त नंबर ठरलेले होते. ख्रिस्तप्रसादाला आधी वरची गल्ली उठायची, ती संपली की खालची.

फादर शहरातून मोटारसायकलवर महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस देव, देऊळ आणि आम्ही पोरं पौलस मास्तरांच्या ताब्यात असायचो. ते वरच्या गल्लीचे, मिशनचे धर्मशिक्षक. त्याआधी रेल्वेत गेटमन होते. नोकरी त्यांनी देवासाठी सोडली असं वरच्या गल्लीचं मत होतं, गेट उघडं टाकून झोपले म्हणून गेली असं खालच्या गल्लीचं. येताना खाकी कोट आणि शिट्टी मात्र त्यांनी बरोबर आणली. मिस्सेत, म्हणजे फादरच्या उपासनेत, शिट्टी एकदा वाजली की गुडघे टेकायचे, दोनदा वाजली की उठायचं. फादर केरळचे, त्यांचं मराठी पुस्तकातलं. पहिल्याच मिस्सेला शिट्टी ऐकून त्यांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. "मास्टर, कृपया देवासमोर शिट्टी वाजवू नये," असं ते म्हणाले. त्या दिवसापासून मास्तर जिभेनं टक्कन आवाज काढू लागले. एक टक, दोन टक. देवाला एवढं चालतं असं त्यांनी स्वतःच ठरवलं.

रविवारी दुपारी पत्र्याच्या देवळात आमचा वर्ग भरायचा. प्रथम ख्रिस्तप्रसाद घ्यायची आम्ही तेरा-चौदा पोरं होतो. सगळी मोठी, मुलगे तर मिसरूड फुटलेले, कारण फादर परीक्षा घेतल्याशिवाय प्रसाद देत नव्हते आणि दोन वर्षं कुणी पास होत नव्हतं. वरच्या गल्लीची पोरं पुढं पट्टीवर बसायची, आम्ही मागं दाराशी. का, असं मी एकदा विचारलं. "तुमाला वारं लागावं म्हून," मास्तर म्हणाले. वैशाखात ते खरंही वाटायचं.

शिकवायची त्यांची पद्धत निराळीच होती. प्रसादाची भाकर जिभेवर कशी घ्यायची याची तालीम ते चपातीवर करून घ्यायचे. औषधाच्या बाटलीच्या झाकणानं चपातीचे गोल काढायचे आणि एकेकाच्या जिभेवर ठेवायचे. "हात लावायचा न्हाई. दात लावायचा न्हाई. टाळूला चिकटली तर चिकटू द्या, आपोआप जाती." पुढच्या पोरांच्या जिभेवर ते स्वतःच्या हातानं ठेवायचे. आमच्यापर्यंत आले की ताटली पुढं करायचे, "घ्या आपापली." हात लावायचा न्हाई हा नियम तेवढ्यापुरता रद्द व्हायचा.

प्रसादाआधी एक तास काही खायचं नाही, हा त्यांचा सगळ्यात आवडता धडा. रविवारी दाराशी उभे राहून ते एकेकाचं तोंड हुंगायचे. माझा चुलतभाऊ शांतवन एकदा चिंच खाऊन आला.

"चिंच खाल्ली?"

"न्हाई मास्तर. नुसती चोखली. दात लावला न्हाई."

मास्तरांनी त्याला बाहेर उभं केलं, पण बराच वेळ विचारात पडले होते, कारण नियम त्यांचाच होता.

त्याच शांतवननं एका रविवारी विचारलं, "मास्तर, देव गव्हाच्याच भाकरीत का येतो? जवारीच्या का येत न्हाई?"

"नियम हाय. गव्हातच येतो."

"आमच्या घरी गहू पोळ्यालाच असतो."

"मग पोळ्याला येईल!" मास्तर खेकसले. वरच्या गल्लीची पोरं हसली. आम्हीही हसलो. घरी जाऊन मी मायला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "बैलाच्या सणाला का व्हईना, येईल म्हनाले ना."

एक गोष्ट मात्र ते बरी शिकवायचे आणि ती मी नाकारणार नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आराधना असायची. फादर आदल्या भेटीत पवित्र भाकर झाकणाच्या पेल्यात घालून वेदीवरच्या पेटीत कुलपात ठेवून जायचे आणि पेटीशेजारी लाल काचेचा दिवा जळत असायचा. दिवा जळतोय म्हणजे देव घरात आहे. त्या पेटीसमोर तासभर काही न बोलता, काही न मागता बसायचं. पंधरा वर्षांच्या पोरांना हे कसं जमावं? डास चावायचे, पाय मुंग्यांनी भरायचे, कुणाच्या तरी पोटात गुरगुरायचं. "मास्तर, काई दिसत न्हाई, काई ऐकू येत न्हाई, मग बसायचं कशाला?" असं विचारलं की ते मनानं गेटमनच्या खोलीत जायचे. "मी गेटवर बारा वर्सं बसलो. दिवसातून चारच गाड्या. बाकीचा वखत रूळ बघत बसायचं. गाडी दिसत न्हाई म्हून गेटमन घरी गेला तर चालंल का? समजलं न्हाई तरी चालंल, बसलं पायजे." एवढं बोलून ते गुडघे टेकायचे आणि खरंच तासभर हलायचे नाहीत. डास त्यांच्या मानेवर बसून पोट भरून उडून जायचे. मी त्यांची पुष्कळ टिंगल केली आहे, पण तसं बसणं पुढं मी कुठल्या फादरचंही पाहिलं नाही.

तर माझी माय. बा हलगी वाजवायचा, तो मी लहान असतानाच वारला. मायनं झाडू बांधून, खुरपून मला शाळेत घातलं. तिची एकच हौस होती. मास्तरांनी आमच्या घरी बसून तिच्या हातची भाकर खावी. "देव कसा खायचा ते त्यांनी माझ्या पोरीला शिकवलं. माझ्या हातचा एक घास त्यांनी खाल्ला तर काय बिघडंल?" ती वर्षातून तीन-चारदा बोलवायची. नाताळला बोलवलं तर उपास, इस्टरला बोलवलं तर उपास. इस्टरला कुठला ख्रिस्ती माणूस उपास धरतो? पण मास्तर धरायचे, नालीच्या अलीकडं. एकदा तिनं रस्सा शिजवून, कांदा चिरून, ताट वाढून ठेवलं. मास्तर दारातून आत न येता म्हणाले, "वासानंच पोट भरलं बाई." माय ते ताट झाकून संध्याकाळपर्यंत ठेवून बसली. मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "तू गप. त्यांचा आज उपास असंल."

अठ्ठ्यात्तरच्या उन्हाळ्यात फादरनी आमची परीक्षा घेतली. सगळी वस्ती देवळात जमली होती. मास्तर कोटाची वरची गुंडी लावून उभे. पुढच्या पोरांनी दहा आज्ञा घडाघडा म्हटल्या. मग फादरनी मागं बघितलं आणि शांतवनला विचारलं, "ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी किती वेळ उपवास करावा?"

शांतवन उठला. "फादर, वरच्या गल्लीत एक तास. आमच्या गल्लीत दिवसभर."

फादरना वाटलं आपलं मराठी कमी पडतंय. "पुन्हा सांगा."

"वरच्या गल्लीत मास्तर चहा पितात, जेवतात. आमच्या गल्लीत आले की त्यांचा उपास असतो. पाणीबी चालत न्हाई."

फादरचा चेहरा तांबडा झाला. ते मास्तरांकडं न बघता सगळ्यांना म्हणाले, "पाण्याने उपवास मोडत नाही. पाणी केव्हाही प्यावे. कोणाच्याही घरी." शेवटचे दोन शब्द त्यांनी जोरात उच्चारले. आम्ही सगळे पास झालो. मास्तर दोन रविवार तापानं आजारी पडले.

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि जिल्ह्यात घरं पेटायला लागली. रोज एका नव्या गावाचं नाव कानावर यायचं. राग महारांवर, म्हणजे वरच्या गल्लीवर होता. जाळणाऱ्यांना ते ख्रिस्ती आहेत की कोण याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. वरची गल्ली दोन दिवसांत रिकामी झाली. कुणी परभणीला, कुणी झरीला पाव्हण्यांकडं. मास्तरीणबाई भावाकडं निघून गेल्या. मास्तर गेले नाहीत. आता हा माणूस भित्रा होता हे मी शपथेवर सांगते, कुत्रं भुंकलं तरी सायकलवरून उतरायचा. पण पेटीत देव होता, फादरना निरोप पोचत नव्हता, आणि लाल दिवा जळत असताना गेट सोडायचं नाही एवढं एकच त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावावर धूर दिसला. थोड्या वेळानं मी दारात उभी होते तर मास्तर नाली ओलांडून येताना दिसले. झाकणाचा पेला वेदीच्या पांढऱ्या कापडात गुंडाळून कोटाच्या आत धरलेला, आणि दुसऱ्या हातात पेटलेला लाल दिवा. लपून चाललेला माणूस दिवा लावून चालतो हे मी जन्मात पुन्हा पाहिलं नाही.

"बाई," ते मायला म्हणाले, "देवाला ठेवायला जागा दे."

मायनं जवारीच्या कणगीवरची सुपं, टोपल्या उतरवल्या, पदरानं झाकण पुसलं. मास्तरांनी त्यावर पेला ठेवला, शेजारी दिवा ठेवला आणि टक केलं. आम्ही गुडघे टेकले. माय, मी, शांतवन आणि मास्तर, चौघं त्या अंधाऱ्या खोलीत बसलो. जिथं घोटभर पाणी प्यायला जागा नव्हती तिथं देवाला जागा झाली. तासाभरानं माय उठली आणि म्हणाली, "मास्तर, च्या ठिवू का?" मास्तरांनी मान हलवली. तोंडानं उपास म्हणायची मात्र त्यांना लाज वाटली असावी.

दुपारी वस्तीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला. मग माणसांचा आरडाओरडा. मास्तर उठले. "देव त्यांच्या हाती लागता कामा न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी पेला उघडला. भाकर पायदळी जाण्यापेक्षा खाऊन टाकावी, असं फादरनी त्यांना कधीतरी सांगून ठेवलं होतं. पण नियम सुटेल तर ते मास्तर कसले?

"बाई, पापनिवेदन कधी केलंस?"

"इस्टरला."

"चालंल. जीभ काढ."

त्यांनी स्वतःच्या हातानं मायच्या जिभेवर भाकर ठेवली. "ख्रिस्ताचं शरीर." माय म्हणाली, "आमेन." मग माझ्या, मग शांतवनच्या. पेला मात्र अजून भरलेलाच होता आणि ओरडणं वाढत होतं. मग एकेक नाही, दोन-दोन, चार-चार. शांतवनला तर आमेन म्हणायलाही जागा उरली नाही. उरलेली सगळी मास्तरांनी स्वतःच्या तोंडात घातली. भीतीनं तोंड आधीच कोरडं पडलेलं. त्यात त्या पातळ भाकरी टाळूला, घशाला, सगळीकडं चिकटल्या. दात लावायचा नाही म्हणून त्यांनी आधी धीर धरला. मग डोळे मोठे झाले, कपाळावर घाम आला, आणि त्यांनी कोपऱ्यातल्या आमच्या माठाकडं बोट दाखवलं.

मायनं तांब्या भरला. त्यांच्यासमोर आणून क्षणभर थांबली. म्हणाली, "पाण्यानं उपास मोडत न्हाई बरं का मास्तर."

त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

ती गाडी पोलिसांची होती. शेजारच्या गावात जळालेल्या घरांचा पंचनामा करून परत जाताना आमच्या चिखलात रुतली होती, आणि ढकलायला कुणी येईना म्हणून शिपाई ओरडत होते. शांतवन गेला ढकलायला. मास्तरांनी रिकामा पेला परत कापडात गुंडाळला. मग त्यांनी दिवा फुंकला आणि झरीच्या वाटेला लागले.

पुढचे पंधरा दिवस माय जमिनीवर चालत नव्हती. भेटेल त्याला सांगायची, "मास्तर आमच्या घरचं पाणी प्याले. तांब्याभर." वरची गल्ली परत आली, घरं वाचली होती, आणि ही बातमी तिच्याही कानावर गेली. त्या रविवारी मास्तर मिस्सेनंतर सगळ्यांसमोर उभे राहिले. "फादर प्रसाद दिल्यावर पेला पाण्यानं धुतात अन् ते पाणी पितात. मी पेला न्हाई, तोंड धुतलं. ते पाणी विधीतलं व्हतं. पाणी म्हून मी ते प्यालो न्हाई."

मी पंधरा वर्षांची होते. माझ्या हातात काही असतं तर मी त्यांना फेकून मारलं असतं. ज्या बाईनं जीव मुठीत धरून त्यांना घरात घेतलं, तिच्या पाण्यातूनही या माणसानं पळवाट काढली होती. मायनं पदर तोंडाला लावला. घरी आल्यावर इतकंच म्हणाली, "बरं, देवाच्या नावानं प्याले तर प्याले. आता एक डाव माझ्या नावानं खावं." आणि पुढच्या नाताळला तिनं पुन्हा बोलावलं. पुन्हा उपास.

मी नर्सिंगला निघाले तेव्हा हेच मास्तर माझी पत्र्याची पेटी सायकलवर बांधून पिंगळी स्टेशनपर्यंत चालत आले. गाडी तीन तास लेट. ते हलले नाहीत. स्टेशनच्या हॉटेलात त्यांनी मला चहा पाजला, स्वतःही घेतला. तिथले कप एकाच बादलीत बुचकळून निघायचे, अख्ख्या जिल्ह्याची तोंडं त्यांना लागलेली. मी म्हटलं, "मास्तर, आज उपास न्हाई का?" ते म्हणाले, "स्टेशनात कुठं गल्ली हाय?" चेष्टेत नाही, अगदी समजावून सांगितल्यासारखं. गाडी हलली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. या माणसाचा पुरता राग करायची सोय त्यांनी मला कधी ठेवली नाही.

विद्यापीठाचं नाव अखेर बदललं त्या हिवाळ्यात माय गेली. मी दवाखान्यातून रजा काढून गावी आले. तोवर मास्तरीणबाई वारल्या होत्या, वरच्या गल्लीची पोरं पुण्या-औरंगाबादला पांगली होती. मयताच्या घरी तिसरा दिवस होईपर्यंत चूल पेटत नाही, भाकरी बाहेरून येतात, हा रिवाज आम्ही बाप्तिस्म्यानंतरही सोडला नव्हता. काळ थोडा बदलला होता म्हणायचा, कारण दुसऱ्या दिवशी भाकरीची टोपली वरच्या गल्लीतून आली.

त्याच दुपारी काठी टेकत मास्तर आले. उंबरा ओलांडून आत आले, भिंतीला टेकून खाली बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरी, तुझ्या मायनं मला जेवायला बोलावलं व्हतं. वाढ."

बायांचं रडणं थांबलं. शांतवनला आता स्वतःचा बँड होता, कुणाची भीड नव्हती. तो म्हणाला, "बरा दिस गाठला मास्तर. आज चूल बंद हाय. टोपली तुमच्याच गल्लीची हाय."

मास्तरांनी टोपलीकडं पाहिलं. "मला मालूम न्हवतं," ते म्हणाले.

खरं होतं का? मला आजही ठरवता आलेलं नाही. जन्मभर नियम शिकवलेल्या माणसाला मयताच्या घरचा नियम माहीत नसावा? की भुकेनं, म्हातारपणानं विसरला असेल? तेव्हा मात्र मला एवढा राग आला की कानशिलं तापली. मी म्हटलं, "थांबा."

मी मायचा पिठाचा डबा काढला. पीठ तिनंच आठवड्यापूर्वी दळून आणलेलं होतं. चुलीत काड्या सारल्या. थोरल्या काकूनं हात धरला, "अगं, अजून तिसरा झाला न्हाई. काय करायलीस तू?" मी हात सोडवून घेतला आणि चूल पेटवली. सवय गेली होती, भाकर एका बाजूनं करपली. मिठाचा खडा आणि मिरची ठेवून ताट त्यांच्यापुढं सरकवलं. "ही आमच्या चुलीची. मायच्या पिठाची. नको असंल तर ती टोपली हाय."

मास्तरांनी कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूस काढला. मग भाकरीचा तुकडा मोडला. सावकाश, करपलेल्या बाजूसकट, सगळी खाल्ली. ज्या बाईला हे एवढंच बघायचं होतं, ती काल मातीत गेली होती.

शेवटचा घास संपल्यावर त्यांनी ताट तसंच धरून माझ्याकडं पाहिलं. माय असती तर आग्रह करून तिनं आणखी एक वाढली असती. मी वाढली नाही.